श्वान आणि बंदिवान

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या वायव्य कोपऱ्यांत, वॉशिंग्टन संस्थानांतील टॅकोमा शहराजवळ, गिग हार्बर नांवाचें एक लहानसें बंदर आहे. त्याच्या परिसरांत स्त्रियांचा एक तुरुंग आहे. चोरीपासून मनुष्यवधापर्यंत नाना अपराधांबद्दल शिक्षा झालेल्या स्त्रिया तेथें ठेवलेल्या असतात. १९८१ सालीं या तुरुंगाच्या दारांतून कांहीं निराळेच बंदिवान आंत नेण्यांत आले. त्यांच्यावर कोणताही आरोप नव्हता, त्यांची चौकशीही झालेली नव्हती. मात्र त्यांच्या जातभाईंपैकीं पुष्कळांना देहान्ताची शिक्षा ठरूनच गेलेली असे. तीं कुत्रीं होतीं. कोणीं रस्त्यावर सोडून दिलेलीं, कोणीं घर बदलतांना मागें ठेवलेलीं, कोणाला नुसतीं नकोशीं झालेलीं अशीं तीं कुत्रीं कोंडवाड्यांतून निवडून आणलेलीं होतीं, आणि त्यांना शहाणीं करून बाहेर पाठविण्याचें काम त्या तुरुंगांतील स्त्रियांवर सोंपविण्यांत आलें होतें.

एखाद्याच्या दुर्दशेची परमावधि सांगावयाची झाली म्हणजे ‘त्याचे हाल कुत्रा खात नाहीं’ असें मराठींत म्हणतात. प्रतिष्ठेच्या उतरंडींत सर्वांत खालचें मडकें कुत्र्याचें, आणि त्याच्याही खालीं जो गेला तो खरा अभागी, असा या म्हणण्याचा रोख आहे. गिग हार्बर येथें जें घडलें तें या म्हणीला खोटें पाडणारें होतें. कुत्र्याच्या इमानाच्या गोष्टी घरोघरीं सांगितल्या जातात व त्यांत नवीन असें फारसें नसतें; परंतु येथें प्रश्न कुत्र्याच्या इमानाचा नव्हता. ज्या माणसावर समाजानें विश्वास ठेवण्याचें सोडून दिलें आहे, त्याच्या हातीं एक मुका जीव द्यावा काय, आणि दिल्यास त्या माणसाचें काय होतें, असा तो प्रश्न होता.

ही कल्पना जिच्या मनांत प्रथम आली ती कॅथलीन क्विन ही स्त्री एके काळीं स्वतःच कोंडलेली होती. कॅलिफोर्नियांतील एका विस्कटलेल्या घरांत तिचें बालपण गेलें. छळाला कंटाळून ती मुलगी घरांतून पळून जाई. आणि पळालेल्या मुलीला ठेवावें कोठें हें कोणालाच कळत नसल्यामुळें तिची रवानगी एका संस्थेंतून दुसऱ्या संस्थेंत, आणि शेवटीं मनोरुग्णांच्या इस्पितळांत होत राहिली. तेथून सुटका झाली तेव्हां तिला जाण्यासारखें घर नव्हतें. ती रस्त्यावर राहिली, ओसाड इमारतींत झोंपली. माणसांवरचा तिचा विश्वास पार उडालेला होता. अशा स्थितींत जोनी नांवाचें एक अल्सेशियन कुत्रें तिच्या आयुष्यांत आलें.

जोनीनें तिला माया दिली हें खरेंच. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, कीं जोनीमुळें लोकांची तिच्याकडे पाहण्याची नजर बदलली. एकटी, भेदरलेली पोरगी रस्त्यानें चालली असतां तिला कोणीही धक्का द्यावा. तीच पोरगी एका धिप्पाड व शिस्तींत चालणाऱ्या अल्सेशियनबरोबर चालूं लागली म्हणजे लोक अदबीनें वाट देत. आणि ती शिस्त त्या कुत्र्याला तिनेंच लावलेली होती. आपल्या हातून कांहीं चांगलें होऊं शकतें, याचा पुरावा तिच्या शेजारीं चार पायांवर चालत होता. आपल्याला जें उपयोगीं पडलें तें तुरुंगांतील स्त्रियांना कां पडूं नये, असा विचार तिच्या मनांत आला तो येथून. पुढें ख्रिस्ती संन्यासिनीची दीक्षा घेऊन ती सिस्टर पॉलीन या नांवानें ओळखली जाऊं लागली.

विचार सुचणें सोपें आणि तुरुंगाचें दार उघडून घेणें कठीण. तें उघडण्याच्या कामीं तिला डॉ. लिओ बुस्टाड यांचें साह्य झालें. हे गृहस्थ त्या वेळीं वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटींतील पशुवैद्यक महाविद्यालयाचे अधिष्ठाते होते. मनुष्य व पशु यांच्यामधील जिव्हाळा हा शास्त्राचा विषय होऊं शकतो असें आग्रहानें सांगणाऱ्या थोड्या लोकांपैकीं ते एक. त्यांच्या चरित्रांतील एक तपशील येथें सांगण्यासारखा आहे. दुसऱ्या महायुद्धांत ते जर्मनांच्या हातीं सांपडले होते व एक वर्षाहून अधिक काळ त्यांनीं युद्धकैद्यांच्या छावणींत काढला होता. दार बाहेरून बंद होण्याचा अर्थ काय असतो हें त्यांना कोणीं समजावून सांगावयास नको होतें. एक निराश्रित स्त्री व एक विद्वान पशुवैद्य यांची ही जोडी वरवर पाहतां विजोड वाटेल. पण दोघांनीं गज आंतून पाहिलेले होते.

अशा कामाला आक्षेप कोणते येतात, याची कल्पना कोणालाही करतां येईल. कुत्र्याचा शस्त्रासारखा उपयोग झाला तर? संतापाच्या भरांत कोणीं त्याला मारलें तर? घाण, रोगराई व खर्च यांचें काय? आणि ज्यांनीं अपराध केला त्यांना कुत्रें पाळण्याची चैन कशासाठीं? यांपैकीं शेवटचा आक्षेप सर्वांत बोंचरा आहे, व त्याचा विचार पुढें करावाच लागेल. तूर्त एवढेंच सांगितलें पाहिजे, कीं जेथें जेथें असे उपक्रम चालतात तेथें स्त्री वा पुरुष निवडतांना बरीच पारख केली जाते, आणि लहान मुलांवर किंवा जनावरांवर अत्याचार केल्याबद्दल ज्यांना शिक्षा झालेली असते त्यांना बहुतेक ठिकाणीं या कामाला घेतच नाहींत.

आतां त्या कुत्र्यांविषयीं. अमेरिकेंतील कोंडवाडा म्हणजे सिमेंटच्या लांबच लांब ओळींत मांडलेले पिंजरे. दिवसभर शेंकडों कुत्र्यांचें भुंकणें, जंतुनाशकाचा उग्र दर्प, आणि ठरावीक मुदतींत कोणीं न्यावयास न आल्यास एक सुई. १९७० च्या सुमारास त्या देशांत अशा रीतीनें मारल्या जाणाऱ्या कुत्र्यामांजरांची वार्षिक संख्या एक कोटीच्या वर असावी असा अंदाज केला जातो. पुढें ती पुष्कळच उतरली. अशा जागीं आलेल्या कुत्र्याच्या मनाची अवस्था ओहायोंतील राइट स्टेट युनिव्हर्सिटीच्या मायकेल हेनेसी या संशोधकानें रक्त तपासून पाहिली. १९९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पाहणींत असें आढळलें, कीं भीतीच्या व ताणाच्या प्रसंगीं शरीरांत वाढणारें कॉर्टिसोल नांवाचें द्रव्य कोंडवाड्यांतील पहिल्या तीन दिवसांत कुत्र्याच्या रक्तांत फार चढलेलें असतें. कोणीं शांतपणें बसून त्या कुत्र्याच्या अंगावरून हात फिरविला तर रक्त काढण्याच्या वेळचा त्याचा ताण हलका पडतो, हेंही पुढच्याच वर्षीं त्याच संशोधकानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें. आजी-आजोबांना हें रक्त न तपासतां ठाऊक होतें असें कोणी म्हणेल. तें खरें आहे. पण अंदाजपत्रक मंजूर करणाऱ्या मंडळाला आजीचा दाखला चालत नाहीं.

असें एखादें कुत्रें तुरुंगाच्या कोठडींत येतें तेव्हां तें कोपऱ्यांत किंवा खाटेखालीं शिरून बसतें. त्याला ओढून बाहेर काढावयाचें नसतें. त्याच्या डोळ्यांत डोळे घालून पाहावयाचेंही नसतें, कारण अनोळखी माणसाची रोखलेली नजर कुत्र्याला धमकीसारखी वाटते. शिकविणाऱ्या स्त्रीनें जमिनीवर बसावें, अंग किंचित् वळवून त्याच्याकडे पाठ किंवा खांदा करावा, हातांतला खाऊ बाजूला ठेवावा आणि वाट पाहावी. तुरुंगांतील माणसाजवळ दुसरें कांहीं नसलें तरी वेळ मुबलक असतो. बाहेरच्या जगांत कुत्रें पाळणारा गृहस्थ कामावर जातो, घरीं येतो, दिवसाकाठीं अर्धा तास त्याच्याशीं खेळतो. बंदिवान स्त्री रात्रंदिवस त्याच्या शेजारीं असते. भेदरलेल्या कुत्र्याला नेमकें हेंच हवें असतें. ज्या दीर्घ, रिकाम्या वेळाची शिक्षा म्हणून योजना झालेली असते, तोच वेळ येथें औषधाच्या कामीं येतो.

चारआठ दिवसांनीं कुत्रें खाटेखालून बाहेर येतें. मग शिकवणीला आरंभ होतो. पूर्वीं कुत्र्याला शिकविण्याची रीत म्हणजे दोरीचा हिसका आणि दरडावणी. आधुनिक रीत निराळी आहे. कुत्र्यानें जें करावें असें आपल्याला वाटतें त्याच्या जवळपास जाणारी कोणतीही हालचाल त्यानें आपण होऊन केली, कीं एक-दोन सेकंदांच्या आंत त्याला खाऊ द्यावयाचा. उशीर झाला तर खाऊ कशाबद्दल मिळाला हें त्याला उमगत नाहीं. समजा, मालकाच्या हातून पडलेली किल्ली उचलून देण्यास त्याला शिकवावयाचें आहे. धातूची वस्तु तोंडांत धरणें बहुतेक कुत्र्यांना आवडत नाहीं. म्हणून प्रथम एक कापडाची चिंधी घ्यावयाची. तिला नुसतें नाक लावलें तरी खाऊ. मग ती तोंडांत धरल्यावर खाऊ. मग उचलून एक पाऊल आणल्यावर. मग तीच चिंधी किल्लीला गुंडाळावयाची व दिवसेंदिवस ती लहान लहान करीत न्यावयाची, तों अखेरीस उघडी किल्ली राहते. कुत्र्याचें चुकलें तर शिक्षा नाहीं. फक्त खाऊ मिळत नाहीं, आणि एक पायरी मागें जाऊन पुन्हां आरंभ करावयाचा. दाराच्या मुठीला बांधलेला दोर ओढून दार उघडणें, विजेचें बटण दाबणें, पाय लुळे पडलेल्या माणसाच्या चाकांच्या खुर्चीला रेटा देणें, हें सर्व याच पद्धतीनें शिकवितात. संपूर्ण शिक्षणाला कित्येक महिने, कधीं कधीं दीड-दोन वर्षेंही लागतात.

या पद्धतींतील मर्म असें, कीं तींत रागाला जागाच नाहीं. कुत्रें माणसाचे शब्द थोडे ओळखतें, पण त्याचा आवाज, खांद्यांची ठेवण, श्वासाची गति यांकडे त्याचें बारीक लक्ष असतें. दांत आवळून गोड बोलणाऱ्याला माणूस फसेल, कुत्रें बहुधा फसत नाहीं. तें दोन पावलें मागें सरतें. शिकविणारी स्त्री सकाळीं भांडून आली असेल तर त्या दिवशींचा धडा फुकट जातो, आणि तो कोणामुळें फुकट गेला हें तिला कळल्यावांचून राहत नाहीं. आपला राग आवरावा असें तिला आयुष्यांत शेंकडों वेळां सांगण्यांत आलेलें असतें. शिक्षकांनीं सांगितलेलें असतें, न्यायाधीशांनीं सांगितलेलें असतें. त्या सांगण्यांत तिच्या दोषाचा उच्चार असे. कुत्रें दोष देत नाहीं, नुसतें मागें सरतें. आणि तिनें खांदे सैल सोडले कीं पुन्हां पुढें येतें. तिचा पूर्वेतिहास त्याला माहीत नाहीं. तिच्या नांवामागचा कैदी क्रमांक त्याला वाचतां येत नाहीं. त्याच्या दृष्टीनें ती म्हणजे सकाळीं दार उघडणारी व वेळेवर खावयास देणारी व्यक्ति, आणि अशी व्यक्ति विश्वासार्ह असलीच पाहिजे.

सगळींच कुत्रीं या शिक्षणाला उतरतात असें नाहीं. कोंडवाड्यांतून आलेल्या कुत्र्यांपैकीं थोडींच अपंगांच्या सेवेला योग्य ठरतात. मोठ्या आवाजाला दचकणारें, मांजर दिसलें कीं धांवणारें कुत्रें चाकाच्या खुर्चीला जुंपून चालणार नाहीं. अशीं कुत्रीं चांगल्या वळणाचीं करून साध्या घरगुती पाळण्यासाठीं देण्यांत येतात, आणि गिग हार्बरच्या मंडळींनीं त्यांना मोठें समर्पक नांव ठेवलें: ‘पॅरोलवर सुटलेलीं’. या विनोदांत तुरुंगांतील लोकांचा हात असावा हें उघड आहे.

माणसाच्या मनाच्या दुखण्यावर जनावराचा इलाज करावा ही कल्पना १९८१ सालीं जन्मली असें मात्र नव्हे. इंग्लंडांतील यॉर्क येथें १७९६ सालीं विल्यम ट्यूक यांनीं मनोरुग्णांसाठीं जें आश्रमवजा गृह उघडलें, त्याच्या अंगणांत ससे, कोंबड्या, समुद्रपक्षी व बहिरीससाणेही ठेवलेले असत. वेडाला सांखळदंड हाच उपाय समजण्याचा तो काळ. दुर्बळ प्राण्याशीं वागतांना माणूस स्वतःला आवर घालण्यास शिकतो, असा ट्यूक मंडळींचा हिशेब होता. पुढें दीडशें वर्षांहून अधिक काळ कोणीं या गोष्टीचा शास्त्रीय पाठपुरावा केला नाहीं.

तो केला न्यू यॉर्कमधील बोरिस लेव्हिन्सन या मानसशास्त्रज्ञानें, आणि तोही अपघातानें. एके दिवशीं एक अबोल मुलगा ठरलेल्या वेळेच्या पुष्कळ आधीं आपल्या पालकांबरोबर त्याच्याकडे आला. लेव्हिन्सनचें जिंगल्स नांवाचें कुत्रें त्या वेळीं त्याच्या पायाशीं निजलेलें होतें. एरवीं रुग्ण येण्यापूर्वीं त्याला आंत पाठवीत. तें उठून मुलाजवळ गेलें व त्याचें तोंड चाटूं लागलें. मुलगा घाबरण्याऐवजीं त्याला बिलगला. त्यानंतरच्या बैठकींत मुलगा जिंगल्सशीं खेळे, आणि हळूहळू त्या खेळांत डॉक्टरलाही घेऊं लागला. लेव्हिन्सननें हा अनुभव १९६१ मध्यें अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या परिषदेपुढें मांडला तेव्हां सभेंत हंशा पिकला. फीचा किती हिस्सा तुम्ही कुत्र्याला देतां, असें एकानें विचारल्याचें सांगतात. पुढें फ्रॉइडच्या चरित्रांतून व पत्रांतून उघडकीस आलें, कीं त्याची योफी नांवाची चाऊ जातीची कुत्री रुग्णांच्या बैठकींच्या वेळीं खोलींतच बसत असे. हंशा त्यानंतर ओसरला. मोठ्या माणसाचें कुत्रेंही मोठेंच असतें.

कुत्र्यांचा कोंडवाडा आणि माणसांचें रुग्णालय शेजारीं आलीं म्हणजे काय होतें, हें १९७० नंतरच्या दशकांत ओहायो स्टेट युनिव्हर्सिटींत दिसून आलें. तेथें सॅम्युएल व एलिझाबेथ कॉर्सन हें दांपत्य कुत्र्यांच्या वर्तनाचा अभ्यास करीत होतें. त्यांच्या कुत्र्यांचें भुंकणें जवळच्या मनोरुग्णालयांत ऐकूं जाई, आणि आजवर कोणाशीं बोलण्यास तयार नसलेले कांहीं तरुण रुग्ण त्या कुत्र्यांना आम्हांला भेटूं द्या, त्यांचें काम आम्हांला करूं द्या, असें म्हणूं लागले. त्यांतील एक एकोणीस वर्षांचा तरुण बहुतेक वेळ बिछान्यावर पडून असे. कोणताही उपचार त्याला लागूं पडला नव्हता. त्याच्या बिछान्यावर एक लहानसें टेरियर कुत्रें आणून सोडलें तेव्हां तो हसला, आणि ‘याला मी ठेवूं कोठें?’ असा प्रश्न त्यानें आपण होऊन विचारला. त्या प्रश्नाचें स्वरूप पाहण्यासारखें आहे. तो स्वतःविषयीं नव्हता. दुसऱ्या जीवाच्या सोयीविषयीं होता.

या साऱ्याच्या मुळाशीं शरीरांत काय घडत असेल, याचा थोडासा उलगडा जपानी संशोधकांनीं केला आहे. मिहो नागासावा व तिचे सहकारी यांचा एक प्रबंध २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. पाळलेलें कुत्रें व त्याचा मालक एकमेकांच्या डोळ्यांकडे जितकें अधिक पाहत, तितकें ऑक्सिटोसिन नांवाचें द्रव्य दोघांच्याही शरीरांत वाढे. आई व तान्हें मूल यांच्या जिव्हाळ्याशीं ज्याचा संबंध आहे तेंच हें द्रव्य. माणसांनीं वाढविलेल्या लांडग्यांत मात्र हा परिणाम दिसला नाहीं. म्हणजे ही देवघेव कुत्र्याच्या रक्तांत माणसाच्या सहवासामुळेंच मुरलेली असावी. अनोळखी कुत्र्याला रोखलेली नजर धमकी वाटते असें वर म्हटलें. ओळख पटल्यावर तीच नजर मायेची होते, आणि कोठडींतील ते पहिले आठवडे म्हणजे एका नजरेपासून दुसरीपर्यंतचा प्रवास होय. हा प्रवास किती जुना असेल? जर्मनींतील बॉन शहराजवळ ओबरकॅसल येथें १९१४ सालीं एक दफन सांपडलें. एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्याजवळ एक लहान कुत्रें, सुमारें चौदा हजार वर्षांपूर्वीं पुरलेलीं. त्या कुत्र्याचे दांत पुढें बारकाईनें तपासले तेव्हां असें अनुमान निघालें, कीं तें पिलूंपणींच डिस्टेंपर या दुर्धर रोगानें आजारी होतें आणि कोणीं ऊब, पाणी व स्वच्छता यांची निगा राखली नसती तर तें तितके आठवडे जगलेंच नसतें. शिकारीला निरुपयोगी असें तें आजारी पिलूं. तें कशासाठीं जपलें, हें सांगण्यास आतां कोणी नाहीं.

आतां तो बोंचरा आक्षेप. ज्यांच्या हातून दुसऱ्याचें घर उद्ध्वस्त झालें त्यांना हा आनंद कां द्यावा? ज्या घरांतील माणूस गेलें त्या घरानें हा प्रश्न विचारला तर त्याला तुच्छतेनें उत्तर देतां येणार नाहीं. त्याचें समाधान करूं शकेल असें उत्तर कदाचित् नसेलही. एवढेंच म्हणतां येईल, कीं शिक्षा झालेल्यांपैकीं बहुतेक माणसें केव्हां ना केव्हां बाहेर येतात, आणि बाहेर येणारा माणूस कसा असावा यांत सर्वांचाच स्वार्थ आहे. ऑरेगन संस्थानांतील मॅक्लॅरेन या तरुण गुन्हेगारांच्या सुधारगृहांत १९९३ सालीं कोंडवाड्यांतील कुत्र्यांना शिकविण्याचा असाच उपक्रम सुरू झाला. त्यांत भाग घेतलेल्या मुलांची कांहीं वर्षांनीं पाहणी झाली, आणि त्यांतील कोणीही पुन्हां गुन्ह्यांत सांपडलें नाहीं असें त्या पाहणींत नमूद आहे. अशा आंकड्यांवर फार भार घालूं नये. मुलें मोजकीं होतीं. शिवाय अशा कामासाठीं निवडलीं जातात तीं मुळांतच सुधारण्याच्या वाटेवर असलेलीं. कुत्र्यामुळें माणूस सुधारला, कीं सुधारणाराच माणूस कुत्र्यापर्यंत पोंचला, हें वेगळें काढून दाखविणारे कसोशीचे प्रयोग फार थोडे झालेले आहेत. कुत्रें म्हणजे औषधाची गोळी नव्हे. तीव्र मानसिक आजाराला वैद्य लागतो, व्यसनाला दीर्घ उपचार लागतात, आणि सुटून आल्यावर राहण्यास घर व करण्यास काम लागतें. शिवाय कुत्र्यालाही थकवा येतो. दिवसभर त्याला एका हातांतून दुसऱ्या हातांत फिरवीत ठेवणें हा त्याच्यावर नवा जुलूमच होईल.

मात्र एक गोष्ट आंकड्यांवांचूनही दिसते. गिग हार्बरच्या तुरुंगांत कुत्र्यांना न्हाऊं घालण्याची, त्यांचे केस कापण्याची व मालक परगांवीं गेले असतां त्यांना सांभाळण्याची सोय पुढें सुरू करण्यांत आली. तें काम बंदिवान स्त्रियाच करूं लागल्या, आणि त्यांतील कौशल्याचें प्रमाणपत्रही त्यांना मिळूं लागलें. आसपासच्या गांवांतले सभ्य गृहस्थ सुटीवर जातांना आपलें लाडकें कुत्रें तुरुंगांत ठेवून जाऊं लागले. ज्या हातांत एरवीं कोणी घराची किल्ली देणार नाहीं, त्या हातांत लोक आपल्या घरांतला एक जीव देत आणि निर्धास्तपणें प्रवासाला जात. तुरुंगांतून सुटण्याला बरींच वर्षें उरलेल्या स्त्रीला गांवाशीं असलेलें नातें यापेक्षां अधिक स्पष्ट शब्दांत कोणीं सांगितलें असतें?

तुरुंगाच्या आंतही वारें पालटतें. ज्या स्त्रीकडे कुत्रें आहे तिच्याशीं बोलण्यास सगळ्यांना निमित्त सांपडतें. आज त्यानें काय केलें, दिवा लावावयास शिकलें काय, पाय बरा झाला काय, असे प्रश्न जेवणाच्या वेळीं निघतात. करड्या चेहऱ्याचा पहारेकरी कोणी पाहत नाहींसें पाहून त्याच्या कानामागें खाजवून जातो. तुरुंगांत स्पर्शाला सहसा दोनच अर्थ असतात, झडती आणि मारामारी. तेथें एक तिसरा अर्थ हळूच शिरतो.

आणि मग कुत्र्याचें शिक्षण पुरें होतें. हें सर्वांत अवघड. ज्याच्यासाठीं तें तयार केलें तो माणूस येतो. कधीं पायांनीं अधू, कधीं झटके येणारें मूल आणि त्याचे आईबाप. कांहीं दिवस शिकविणारी स्त्री त्यांना खुणा समजावून देते, शब्द सांगते, कोणत्या आवाजाला कुत्रें दचकतें तें सांगते. नंतर गळपट्ट्याची दोरी ती स्वतःच्या हातानें दुसऱ्याच्या हातांत देते. तिच्या आयुष्यांतून आजवर जें जें गेलें तें बहुधा हिसकावून नेलेलें असतें, किंवा तिनेंच उधळलेलें असतें. तयार करून, निगा राखून, आपण होऊन दुसऱ्याला देण्याचा प्रसंग पुष्कळ जणींच्या वांट्याला येथें प्रथमच येतो. त्या रडतात, त्यांना तेथें कोणी हसत नाहीं.

सिस्टर पॉलीन यांनीं हेंच काम पुढें इतर अनेक तुरुंगांत नेलें व आयुष्यभर त्याचा प्रसार केला. त्यांच्या जीवनावर २००१ सालीं एक चित्रपटही निघाला. २०२० मध्यें त्यांचें निधन झालें. आज अमेरिकेंतील बहुतेक संस्थानांत या ना त्या स्वरूपाचा असा उपक्रम चालतो.

कुत्रें गेल्यावरच्या रात्रीं कोठडींत पाण्याचें रिकामें भांडें तसेंच असतें. कांहीं स्त्रिया तें उचलून ठेवतात, कांहीं ठेवीत नाहींत. थोड्या दिवसांनीं कोंडवाड्यांतून दुसरें कुत्रें येतें, आणि आल्याबरोबर खाटेखालीं शिरून बसतें. मग ती स्त्री जमिनीवर बसते, त्याच्याकडे पाठ करते, खाऊ बाजूला ठेवते आणि एखादें पुस्तक उघडून वाचूं लागते.